राख गेली, गंधकाचं काय? केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची राख भारतावर येऊन ठेपली. काही विमानं रद्द झाली, दोन दिवस बातम्या चालल्या, राख पूर्वेकडे सरकली आणि विषय मिटला. मला लिहायचंय ते त्यापुढचं.

राख जड, ती खाली बसते. गंधकाच्या वायूचं तसं नाही. स्फोट जबरदस्त असेल तर हा वायू स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या थरात पोचतो, काही आठवड्यांत त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात आणि त्यांना धुऊन काढणारा पाऊस तिथे नसल्यामुळे ते वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनातुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्याच्या थेंबांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

याचा आपल्या पावसाशी थेट संबंध आहे. आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएममधल्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था), म्हणजे आपल्याच मंत्रालयाच्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये दाखवून दिलं, की मोठ्या स्फोटानंतर एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापण्याची घटना) आणि मान्सून यांचं नातं अधिक घट्ट होतं. पावसाचा अंदाज बांधायला हा मोठाच आधार आहे. पण वर किती थेंब आहेत आणि नेमके किती उंचीवर, हे वेळेत कळलं तरच.

आपला हवामान उपग्रह इन्सॅट ३६ हजार किलोमीटरवरून खाली पाहतो. त्याला राखेचा लोट दिसतो. हा विरळ थर उंचीनुसार मोजणं त्याचं काम नव्हे. हवेतली धूळ कवडशातच दिसते, तसा हा थर कडेने पाहावा लागतो. अवकाश स्थानकावर दर दीड तासाला सूर्य उगवतो आणि मावळतो. तिथलं नासाचं सेज-३ हे उपकरण अशा वेळी वातावरणाच्या कडेतून येणारा प्रकाश कोणत्या उंचीवर किती मंदावला, ते टिपतं. मात्र स्थानकाचंच आयुष्य आता सरत आलंय. लेसरने थर मोजणारा कॅलिप्सो उपग्रह तर २०२३ मध्येच बंद झाला.

अवकाश विभागाचे राज्यमंत्रीही आपणच आहात. म्हणून कळकळीची विनंती: कडेने पाहणारं भारतीय उपकरण ध्रुवीय कक्षेतल्या एखाद्या उपग्रहावर बसवा. आखणीच्या पहिल्या बैठकीपासून आयआयटीएमला सोबत घ्या आणि मिळणारी निरीक्षणं विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना खुली ठेवा. उपग्रह उभा राहायला वर्षं लागतात, म्हणून याची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच व्हावी.

कळावे,
एक पुणेकर