इराकमधल्या झुबैरच्या कॅम्पातल्या प्रसादला

गोडोली, सातारा
गुरुवार

चि. प्रसाद,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो कोल्हापूरचा मित्र सुट्टी संपवून परत निघालाय. त्याच्या बॅगेत थोडी जागा आहे असं ताई म्हणाली. म्हणून शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि हे पत्र पाठवतेय. मसाला तीन पिशव्यांत बांधलाय. तरी त्याच्या कपड्यांना वास लागला तर माझ्या वतीने त्याला सॉरी म्हण.

फोनवर आपलं भांडणच होतं, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. रविवारी तू सहज बोलून गेलास की पासपोर्ट कॅम्प ऑफिसात जमा केलाय, सगळ्यांचेच ठेवून घेतात. मी दोन शब्द बोलले तर म्हणालास, आई, तू बातम्या बघणं बंद कर. बरं. पासपोर्टचा विषय या पत्रात काढणार नाही. तू ज्या जमिनीवर उभा आहेस तिच्याबद्दल लिहिते. आबा आजोबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं. तू लहान होतास तेव्हा ते सांगायला बसायचे आणि तू बॅट घेऊन पळायचास.

झुबैरहून जवळच शुऐबा आहे. तू म्हणालास तिथे रिफायनरी आहे. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये तिथे वाळवंटात इंग्रजांची छावणी होती आणि तिच्यावर तुर्क चालून आले होते. आपल्या ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी त्या छावणीत होत्या. १२ तारखेला लढाई सुरू झाली. १४ ला बरजिसियाच्या झाडीत तुर्क खंदक खणून बसले होते, ते दिवसभर हटेनात. ऊन इतकं की मृगजळात समोरचं काही धड दिसत नव्हतं. पाणी संपत आलं, काडतुसं संपत आली. शेवटी इंग्रज जनरल मेलिस माघारीचा हुकूम द्यायच्या बेतात होता. डॉर्सेटची गोरी पलटण आणि मराठे संगिनी लावून उठले ते तेवढ्यातच, आणि तुर्कांची फळी मोडली. आबा पुढचं हसत हसत सांगायचे. म्हणे जखमींना न्यायला खेचरांच्या गाड्या येत होत्या, त्यांची धूळ मृगजळात एवढी मोठी दिसली की तुर्कांना वाटलं नवी फौज आली. यात खरं किती नि पदरचं किती, कोण जाणे. पण तुर्कांचा सेनापती सुलेमान अस्करी आधीच पायाला गोळी लागून डोलीतून लढाई चालवत होता, त्याने हार बघून स्वतःवर गोळी झाडून घेतली, हे मात्र इतिहासात आहे. खेचरगाड्यांची गोष्ट आबा मला माहेरी अपशिंग्याच्या ओट्यावर सांगायचे, तेव्हा शुऐबा मला कोरेगावच्या पलीकडे कुठेतरी वाटायचं. आता माझा मुलगा तिथे पाइपांचं वेल्डिंग करतोय.

आबांचे आजोबा ११७ मध्ये होते. म्हणजे तुझे खापरपणजोबा. शुऐबातून ते वाचले. पुढे जनरल टाउनशेंड फौज घेऊन थेट बगदादच्या दारापर्यंत गेला. तिथे मार खाऊन मागे फिरला तो टायग्रिसच्या वळणावरच्या कुत गावात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवसांचा वेढा. आपल्या तीन पलटणी आत होत्या: १०३, ११० आणि ११७.

गावात घरोघर झडती घेतली तेव्हा जव सापडले, पण दळायचे कशावर? मग विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या. आबांनी हे सांगितलं की आम्ही पोरी हसून लोळायचो, आकाशातून जातं पडतं म्हणे! पुढे एप्रिलमध्ये पिठाची पोती टाकायला लागले. वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न पोचवायचा जगातला तो पहिलाच प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे गेली.

मग खेचरं-घोडी कापायला लागले. गोऱ्यांनी खाल्लं. आपली माणसं खाईनात. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत अडून बसले. आता गंमत बघ. गोरे मैदा खायचे, त्यांना बेरीबेरी झाला. आपल्यांनी कोंड्यासकटचं पीठ खाल्लं, त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण मांस नाही, भाजी नाही, त्यामुळे हिरड्यांतून रक्त यायला लागलं. स्कर्व्ही. चौथीच्या वर्गाला जीवनसत्त्वांचा धडा शिकवताना मी दर वर्षी हे सांगायची. म्हणून तू तिथे नुसती ती खबूस रोटी आणि चिकन खात राहू नकोस. लिंबू मिळतं ना? खजूर तर तिथे असतीलच.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. सत्तावीस वर्षं खडू हातात होता, ती सवय जात नाही. रागावू नकोस.

वेढा फोडायला बाहेरून फौजा आल्या, त्यांचीच हजारो माणसं कापली गेली. शेवटी इंग्रजांनी तुर्कांना पैसे देऊ केले, आधी दहा लाख पौंड, मग वीस. बोलायला जे तिघे गेले त्यांच्यात तो पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून नाव झालेला लॉरेन्सही होता. तुर्कांनी नकार दिला. साधारण तेरा हजार माणसं कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रासुद्धा तुर्कांनी नदीतून बस्र्याला पाठवला आणि तो सुखरूप विलायतेला पोचला. शिपायांना बगदाद, मोसुल करत रस-अल-ऐनपर्यंत चालवलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. तुझे खापरपणजोबा त्या वाटेत कुठे गेले ते घरात कुणाला कळलं नाही. कागद आला १९१९ साली.

त्यांच्या नावाची ब्राँझची चकती अजून मामाकडे आहे, देवघराशेजारच्या फडताळात. तू तिच्यावर चहाचा कप ठेवला होतास म्हणून मामीने तुला झापलं होतं, आठवतं? तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते मात्र लिहायचं राहिलं. नावाचं स्पेलिंगही चुकलंय. पण नाव आहे. गावातले पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते आलेच नाहीत, त्यांच्यासाठी इंग्रजांनी अपशिंग्यात स्तंभ उभारला. आणि बस्र्यात? तिथे मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त मृतांचं. इंग्रज शिपायाचं नाव कोरलं, आपल्याकडच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा, की इतके मेले. १९९७ मध्ये सद्दामने ते सगळं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. नावं गाळल्याबद्दल इंग्रज सरकारने माफी मागितली २०२१ मध्ये. शंभर वर्षांनी.

म्हणून मी म्हणते प्रसाद, की तिकडे माणसाचं नाव ज्या कागदावर आहे तो कागद माणसाच्या खिशात पाहिजे. नाही म्हटलं तरी आलाच विषय. पासपोर्टवर छापलेलं असतं की तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. १९६७ च्या कायद्यातच तसं आहे. कंपनीला तो तिजोरीत ठेवायचा काय अधिकार? सही-शिक्क्यासाठी दोन दिवस घेतला तर समजू शकते. २०१४ मध्ये मोसुलला आपले ३९ मजूर पकडले गेले, चार वर्षांनी शवपेट्या आल्या. त्याच सुमारास दुसरीकडे लोक निघायला तयार होते आणि पासपोर्ट कंपनीकडे अडकले होते. हे मी बातम्या बघून घाबरून बोलत नाहीये. म्हणजे, घाबरलेय. पण तेवढ्यामुळेच बोलत नाहीये.

तू गप्प बसतोस याचीच जास्त भीती वाटते. आयटीआयला असताना डोळ्याला आर्क लागला होता, तेव्हाही चार दिवस "ठीक आहे" म्हणत होतास. रात्री बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवताना ताईने पाहिलं म्हणून कळलं. पहिल्या महायुद्धात शिपायांची पत्रं सरकार फोडून वाचायचं, त्यामुळे सगळे सर्व खुशाल लिहायचे. तुझं पत्र कोण फोडतंय? कॅम्पात एसी बंद असला, पगार लांबला, फोरमन शिवी देत असला, तर तसं सांग. मी रडणार नाही. रडले तर फोन पप्पांकडे देईन.

तुझा पहिला पगार आला तेव्हा पप्पा स्वतः बँकेत जाऊन पासबुक भरून घेऊन आले. सैनिक स्कूलच्या परीक्षेत तुझं नाव लागलं नव्हतं तेव्हा ते महिनाभर बोलले नव्हते, हे मी विसरलेले नाही आणि तूही नसशील. पण परवा किराणा दुकानात कुणीतरी विचारलं, मुलगा काय करतो? तर म्हणाले, सिक्स-जी वेल्डर आहे, एक्सरे पास. मला अजून त्याचा अर्थ कळलेला नाही. त्यांना पाठ आहे.

आता ऐक. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान आणि व्हिसा, सगळ्यांचे फोटो काढून ताईला, दाजींना आणि मला पाठव. बगदादच्या आपल्या वकिलातीचा नंबर दाजींनी शोधलाय, तो मोबाईलमध्ये ठेव आणि एका कागदावर लिहून पाकिटातही ठेव. ऑफिसात भांडू नकोस. घरी बँकेचं काम आहे म्हणून माग, तुला तसं बोलायला येतं, माझ्याशी कितीदा बोललायस. दिला तर ठीक. नाही दिला तर लेखी काय देतात ते विचार. तुमच्या खोलीतल्या चौघांनी मिळून विचारलंत तर आणखी बरं.

चटणी चौघांनी खा, पण मसाला लपवून ठेव. घराच्या हप्त्याची काळजी करू नकोस, माझी पेन्शन सुरू आहे.

तुझी,
आई

ता. क. शुऐबाची रिफायनरी कॅम्पपासून किती लांब, असं पप्पा दोनदा विचारून गेले. मी सांगणार नाही. त्यांना फोन करून तूच सांग.