त्यांचा होकार तुम्ही खरा मानला नाहीत

डॉक्टर,

क्लिनिकमध्ये माझ्या सासऱ्यांसमोर आपण मराठीत कधी बोललोच नाही. ‘त्यांना कळणार नाही अशा भाषेत त्यांच्यासमोर नको,’ असं तुम्ही पहिल्याच दिवशी मला हळूच सांगितलंत. तेव्हापासून मनात साठलेलं आज लिहिते आहे.

माझे सासरे १९६८ मध्ये अमेरिकी सैन्यातून व्हिएतनामच्या युद्धावर गेले. तोफखान्यात होते. तेव्हापासून कान अधू, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ की मान डोलवायची. ‘पाय बरे आहेत ना?’ पुन्हा तेच. व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या तुमच्या सरकारी आरोग्यसेवेत, येण्याआधीची कितीतरी वर्षं अशी गेली आणि घरी खणात तीन डॉक्टरांच्या गोळ्या साचत राहिल्या.

तुम्ही संगणकाकडे पाठ केलीत, खुर्ची त्यांच्यासमोर ओढलीत आणि म्हणालात, ‘मी आत्ता काय सांगितलं, ते मला सांगा बरं.’ ते गप्प. मीही गप्प. इतकी वर्षं सोबत येऊन मीसुद्धा त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

श्रवणयंत्रं व्हीएकडूनच मिळाली, एक डॉलरही न भरता. त्यांना नीट ऐकू येऊ लागल्यावर तुम्ही पुढचं विचारलंत: तिकडे कुठे होतात, फवारणी पाहिलीत का? एजंट ऑरेंजबद्दल, अमेरिकी सैन्याने तिथल्या जंगलांवर फवारलेल्या त्या विषारी तणनाशकाबद्दल, आमच्या घरात कधी शब्द निघाला नव्हता. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाला टाइप २ मधुमेह झाला, तर २००१ पासून सरकार तो त्या फवारणीमुळेच झाला असं गृहीत धरतं, त्याला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने उच्च रक्तदाबही त्यात आला, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. दावा मंजूर करणं तुमच्या हातात नव्हतं. पण कुणाकडे जायचं, कोणते कागद न्यायचे, ते तुम्ही लिहून दिलंत. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, ‘म्हणजे सगळा दोष माझ्या खाण्याचा नव्हता.’

तुम्ही प्राथमिक उपचार विभागाच्या प्रमुख. हे सगळं एका रुग्णापुरतं करून थांबला असतात, तरी मी ऋणी राहिले असते. तुम्ही ती रीतच करून टाकलीत. आता नाव पुकारायला कारकून खिडकीतून ओरडत नाही, खुर्चीपाशी चालत येतो. डॉक्टर, नर्स, सहायक आणि कारकून असं चौघांचं पथक व्हीएमध्ये २०१० पासून आहे, पण तुमच्याकडे ते रोज सकाळी खरोखर एकत्र बसतं आणि आज येणाऱ्यांपैकी कुणाला ऐकू येत नाही, कुणाची झोप उडाली आहे, हे बोलतं. फार्मासिस्टने आमचा अख्खा खण पिशवीत भरून आणायला लावला आणि दोन तास बसून निम्म्या गोळ्या बाजूला काढल्या. मानसोपचाराचं नाव काढलं की सासरे उठून जात. तुम्ही त्यांना चिठ्ठी दिली नाहीत, शेजारच्या खोलीपर्यंत स्वतः सोबत गेलात. तिथे ते काय बोलले, मला ठाऊक नाही. पण रात्री दिवा घालवून झोपतात आता.

मनापासून आभार, डॉक्टर. तुमचे आणि तुमच्या पथकातल्या प्रत्येकाचे.

पुढच्या भेटीला ते एकटेच आत येणार म्हणतात. मी गाडीत थांबेन.

तुमची,
त्यांची सून