आधी बांगडा, मग सूत्र

चि. बायला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर फार वैतागली होतीस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली विचारतात, "मॅडम, आम्हाला केमिस्ट्री कशाला?" आणि तू सांगितलंस, अभ्यासक्रमात आहे म्हणून. मीही नोकरीभर हेच सांगत आले, तेव्हा तुला बोल लावणार नाही. पण परवा बांगडे साफ करताना त्या मुली डोक्यात होत्या.

बाबांना बांगडा बाधला होता ते आठवतं? तू सातवीत होतीस. भर उन्हात, बर्फाशिवाय दारावर आलेला बांगडा मी स्वस्त मिळतो म्हणून घेतला. जेवून अर्धा तास झाला नसेल, बाबांचा चेहरा लालबुंद, अंगावर गांधी, डोकं ठणकतंय. आजी म्हणाली, "बांगडो बाधलो हेका, आता परत देव नको." डॉक्टरांनी गोळी दिली, संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. पुढच्याच आठवड्यात रापणीचा ताजा बांगडा त्यांनी ताव मारून खाल्ला आणि काही म्हणता काही झालं नाही. बांगड्याचीच ॲलर्जी असती तर तो ताजाही बाधला असता.

हीच गोष्ट त्या मुलींना सांग आणि मग फळ्याकडे वळ. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला, ऊब मिळाली की काही जिवाणू वाढतात आणि त्यांचं एन्झाइम त्या हिस्टिडीनमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून घेतं. उरतं ते हिस्टामाइन. C₆H₉N₃O₂ मधून CO₂ वजा केला की C₅H₉N₃, एवढाच हिशेब. तळलं, उकळलं तर जिवाणू मरतात, पण आधी तयार झालेलं हिस्टामाइन तसंच राहतं. म्हणून रश्शाला खळखळून कढ आणलेला असूनही बाबा लाल झाले. बर्फाचं खरं काम काय, हे मुलींना इथे न सांगता कळेल.

पुढे शरीरशास्त्र आपणहून येतं. हेच हिस्टामाइन आपल्या शरीरातल्या पेशीही साठवून ठेवतात. ते सुटलं की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात, म्हणून लाली आणि गांधी. जठरात तेच आम्ल सोडायला लावतं, पण तिथला ग्राहक, म्हणजे पेशीवरची हिस्टामाइन धरणारी जागा (रिसेप्टर), वेगळा. म्हणून सेटिरिझिनने गांधी बसते, जळजळ बसत नाही. तिला फॅमोटिडिनसारखी वेगळी गोळी लागते. उद्या वॉर्डात दोन्ही गोळ्या याच मुलींच्या हातात असणार.

माशाच्या वासाचंही तसंच. समुद्री माशाच्या अंगातल्या ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडमधला ऑक्सिजन जिवाणू काढून घेतात, मग उरलेलं ट्रायमिथाइलअमाइन वास मारतं. ते आम्लारी आहे. लिंबू किंवा सोलं (आमसुलं) लावली की त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही आणि वास दबतो. आजीला आम्ल-आम्लारी अभिक्रिया कुणी शिकवली नव्हती, तरी तिच्या हातच्या कालवणाला कधी वास आला नाही. (तिरफळं ती कशासाठी घालायची? चवीसाठी. सगळ्याला रसायनशास्त्र चिकटवू नये.)

मात्र गोष्टींच्या नादात मोल, म्हणजे रेणू मोजायचं एकक, गाळू नकोस. नुसत्या गोष्टी ऐकून मुली खूश होतात, पण त्यांना हिशेब येत नाही. सलाइनची रिकामी बाटली वर्गात ने. 0.9 टक्के, म्हणजे लिटरमागे 9 ग्रॅम मीठ. 9 ला मिठाच्या एका मोलच्या वजनाने, 58.5 ने भाग, 0.154 मोल, म्हणजे 154 मिलिमोल. बाटलीवर सोडियम 154, क्लोराइड 154 छापलेलं असतं, ते त्यांना स्वतः शोधू दे. दोन्ही मिळून 308, रक्ताच्या जवळपास, म्हणून तांबड्या पेशी फुगत नाहीत की आकसत नाहीत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते पिऊन तहान का वाढते, हे आपल्या किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. "का" तेवढं त्यांना काढू दे.

एसटीच्या पार्सलने सोलं पाठवली आहेत. थोडी पाण्यात भिजवून त्या लाल पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाक, रंग बदलेल. बाकीची कालवणाला ठेव. आणि तिथल्या बाजारात बांगडा घेशील तर आधी त्याचे कल्ले उघडून बघ.

तुझी,
आई