पुरुमेंत आणि प्रेशर

डिचोली,
रविवार, दुपार

प्रिय मधू,

परवा फोनवर तू म्हणालास, "साखर काबूत, रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनी ठीक, आता खारा बांगडा सुखाने खाऊ दे." तेवढ्यात तुझी नात रडायला लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून लिहायला बसलो.

माझंही सगळं नॉर्मलच होतं रे. १४ वर्षं मधुमेह. प्रेशर १५०/९० दिसलं की मी म्हणायचो, बाजारातून चढ चढून आलोय. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनी बिघडली की झिरपणारं प्रथिन, तपासायला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फेब्रुवारीत नव्या डॉक्टरीणबाईंनी सकाळची लघवी तपासायला लावली. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो २१०. तो ३० च्या आत हवा. आणि गंमत बघ, रक्तातलं क्रिएटिनिन तेव्हाही १.१! बाई म्हणाल्या, किडनीचं जवळजवळ निम्मं काम जाईपर्यंत तो आकडा गप्प बसू शकतो. मधुमेह्याने लघवीची ही तपासणी वर्षातून एकदा तरी करायचीच. तू कधी केलीस?

साखर किडनीतल्या बारीक गाळण्या बिघडवते, बिघडलेली किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, त्याने प्रेशर चढतं आणि ते उरलेल्या गाळण्यांवर आदळतं. चोडणला मामाच्या खाजनात, त्या खाडीकाठच्या शेतात, मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, मासे धरायला बसायचो, आठवतं? ओहोटीला दार उघडलं की आतल्या पाण्याचा बांधावरचा जोर उतरायचा. माझी टेल्मिसार्टनची गोळी तसंच काहीसं करते. गाळणीतून रक्त बाहेर पडतं ती नस सैल सोडते आणि आतला दाब उतरतो. आणि मी गाढव ती 'नुसती प्रेशरची गोळी' म्हणून आठवण झाली तर घेत होतो! आता रोज घेतो. रेशो ९० वर आलाय, प्रेशर १३०/८० च्या आत.

घरात खरी लढाई मे महिन्यात झाली, पुरुमेंतावरून, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीवरून. सुकी सुंगटं, खारे बांगडे, मिठातले आंबे. ही म्हणाली, मग पावसात माणसाने खायचं काय? शेवटी तह झाला : रविवारी सुक्या सुंगटांची चमचाभर किसमूर, पेजेबरोबरचं लोणचं बंद. मुलाने हौसेने कमी सोडियमचं मीठ आणलं, तर बाईंनी तेही नको म्हटलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि या गोळीने ते आधीच वाढू शकतं.

आणखी एक, रागावू नकोस. गुडघ्यासाठी फार्मसीतून आणून मनाने डायक्लोफेनॅक घेतोस ना, ती किडनीला वाईट. उद्याच डॉक्टरांना विचारून दुसरं काही घे.

चतुर्थीला येतोयस ना? गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधायला मी स्टुलावर चढतो, तू खालून फळं दे. मशीन घरात आहे, तुझंही प्रेशर मोजू. आल्या आल्या नाही हं, पाच मिनिटं गप्प टेकून बसायचं. तुला ते जमेल का, तेवढीच शंका आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा