नॅनो औषधाला ठिबकची नळी नसते

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला नॅनोकणांवरचा, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचा, लेख वाचला. विषय चांगला निवडलात. पण ‘ठिबकने खत जसे थेट मुळाशी, तसे हे औषध थेट कॅन्सरच्या गाठीत’ ही उपमा खटकली. आम्हा केळीवाल्यांना ती चटकन पटते, हीच तर पंचाईत. त्याच संध्याकाळी शेजारचे आप्पा दारात उभे. सुनेची केमो चालू आहे. “सर, ते ठिबकनं इंजेक्शन आठे भेटी का?”

ठिबकची नळी झाडापाशी जाते. गाठीपर्यंत अशी नळी कुठली? सलाइनमधून सोडलेले कण रक्ताबरोबर अंगभर फिरतात. हे पाटाचे पाणी. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, फटी राहिलेल्या असतात. बांध कच्चा, म्हणून शंभरेक नॅनोमीटरचे कण तिथे झिरपतात आणि निचरा नसल्याने साचतात. मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडले. पण वाटेत यकृत आणि प्लीहा बसलेले आहेत. बरेचसे कण तेच उचलतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा गाठीत पोचलेला वाटा निघाला साधारण ०.७ टक्के. शंभर बादल्या सोडल्या, एकही पुरती पोचली नाही.

मग उपयोग काय? आहे ना. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध हृदयाला इजा करते. तेच चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरून दिले (अमेरिकेत १९९५ पासून देतात) की तो धोका घटतो. मात्र तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास मागे लागू शकतो, तेव्हा लेखाच्या चौकटीतले ‘दुष्परिणाम शून्य’ हे वाक्य तर साफ चूक. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या ज्या इंजेक्शनासाठी नातेवाइकांनी जळगाव-धुळ्याची मेडिकल दुकाने पालथी घातली, ते लिपोसोमल अँफोटेरिसिनही याच जातीचे. साध्या अँफोटेरिसिनपेक्षा ते किडनीला कमी जाच करते, हेच त्याचे मोल. माझ्या मते औषध नको तिथे कमी जाते, ही या विद्येची आजवरची मोठी कमाई. लेखात तिचाच उल्लेख नाही.

आप्पांना म्हटले, सुनेच्या औषधाचा असा प्रकार आहे का आणि तिला चालेल का, ते तिच्या डॉक्टरांनाच विचारा. पुढच्या आठवड्यात ते नाशिकला निघतील. तोवर खुलासा छापलात, तर कात्रण त्यांच्या फाइलला लावून देईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चोपडा