चार वर्षांच्या नोंदी वाचवल्याबद्दल सरांना आभारपत्र

नाशिक

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

निफाड तालुक्यातील आमच्या 6 द्राक्षबागांच्या हवामान केंद्रांनी 4 वर्षांत टिपलेल्या नोंदी आज नीट तपासून, बांधून ठेवलेल्या आहेत. हे आपल्यामुळे झाले आणि ते चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

प्रत्येक बागेची रोज एक फाइल, म्हणजे पावणेनऊ हजारांच्या आसपास लहान फाइली पेनड्राइव्हवर उतरवताना अख्खी दुपार जात असे. कोणीतरी टार, म्हणजे अनेक फाइली एका संग्रहात बांधणारी संगणकाची आज्ञा, वापरा म्हणाले आणि मी आज्ञा लिहिताना संग्रहाचे नावच द्यायला विसरलो. 'एफ' या पर्यायापुढे जे पहिले नाव येते तेच टार संग्रहाचे नाव समजते. 'सगळ्या फाइली' या अर्थी दिलेल्या तारांकनातून (*) उलगडलेल्या यादीतील पहिली फाइल त्या जागी आली आणि ऑक्टोबर छाटणीच्या दिवसाची नोंद पुसली जाऊन तिच्यावर संग्रह लिहिला गेला. रात्री घाबरून फोन केला तेव्हा आपण रागावला नाहीत. "त्या फोल्डरमध्ये आता काही चालवू नका, केंद्रातले कार्ड घेऊन या," एवढेच म्हणालात. दुसऱ्या दिवशी पंचवटीत आपल्या घरी ती नोंद कार्डावरून परत मिळाली.

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी आपण जे शिकवलेत त्याचे मोल मला अधिक वाटते. टार हे नाव चुंबकीय टेपवरील संग्रहावरून पडले आणि 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्स या संगणक प्रणालीपासून ते चालत आले आहे. ते फाइली फक्त एकत्र बांधते, आकार कमी करत नाही. उलट प्रत्येक फाइलीला 512 बाइटचे शीर्षक जोडून मजकूरही 512 च्या पटीत भरून काढते, त्यामुळे आमच्या चिमुकल्या फाइलींचा नुसता संग्रह मुळापेक्षा मोठा झालेला पाहून मी चकित झालो होतो. आकार कमी करण्याचे, म्हणजे फाइल दाबण्याचे, काम जीझिप या वेगळ्या आज्ञेचे. ते मागच्या 32 किलोबाइटमध्ये आधी येऊन गेलेला मजकूर शोधते आणि तो पुन्हा लिहिण्याऐवजी त्याकडे निर्देश करते. म्हणून सुट्या फाइली एकेक करून दाबण्यापेक्षा एका बागेच्या फाइली ओळीने बांधून मग दाबल्या, तर तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा यांची तीच ती शीर्षके फारशी जागा घेत नाहीत. एक्सझेड ही दाबण्याची दुसरी आज्ञा; ते नेहमीच्या पातळीवर 8 मेगाबाइटपर्यंत मागे पाहते, म्हणून ते अधिक दाबते, पण वेळही अधिक घेते. रोगट पानांचे जेपेग फोटो आधीच दाबलेले असल्याने ते नुसत्या टारमध्येच ठेवावेत, हेही आपण फोटो दाबून दाखवूनच पटवलेत.

मूळ फाइली पुसण्याची मला घाई होती आणि आपण ती होऊ दिली नाहीत, याबद्दल विशेष ऋणी आहे. आधी 'टी' पर्यायाने संग्रहाची यादी वाचायची, 'डी' पर्यायाने ती डिस्कवरील फाइलींशी ताडायची, मग मोठ्या 'सी'ने वेगळे फोल्डर देऊन सारे एकदा उलगडून पाहायचे, आणि एसएचए-256 ची बेरीज (फाइल जराही बदलली तर बदलणारी तिची खूण) काढून संग्रहाबरोबर ठेवायची, हा क्रम आपण माझ्याकडून तीनदा करून घेतलात. दाबलेल्या संग्रहात मध्येच एखादा भाग बिघडला तर त्यापुढचे वाचणे कठीण होते, म्हणून सगळ्याचा एकच गठ्ठा न करता बागेगणिक आणि वर्षागणिक 24 संग्रह करण्याची सूचनाही आपलीच.

यंदा छाटणीनंतर पाऊस लांबला तेव्हा डावणी या बुरशीजन्य रोगावरील फवारणीचा विचार करताना मागील वर्षांचा पानांचा ओलावा मिनिटाभरात काढून बागायतदारांसमोर ठेवता आला. पुसली गेलेली ती छाटणीच्या दिवसाची फाइलही त्यात होती.

आपला कृतज्ञ,
निफाडचा एक द्राक्ष बागायतदार