शस्त्रक्रियागृहासाठी प्रशिक्षित परिचारिकेचे स्वतंत्र पद हवे

संपादक महोदय,

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेल्या करिअर पुरवणीतील परिचारिका शिक्षणावरचा लेख वाचला. जीएनएम या परिचर्या पदविकेची 3 वर्षे, बी.एस्सी. नर्सिंगची 4 वर्षे, त्यासाठीची सीईटी आणि शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी ही माहिती अचूक आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनसमोर ट्रॉली लावून उभी राहणारी परिचारिका त्यापुढे कशी घडते, याबद्दल लेखात काहीच नव्हते. माझ्या नोकरीची 19 वर्षे ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, गेली असल्यामुळे ही उणीव मला विशेष जाणवली.

ओटीत परिचारिकांची दोन कामे असतात. एक जण हात कोपरापर्यंत धुऊन, निर्जंतुक गाऊन व ग्लोव्हज घालून अवजारांच्या ट्रॉलीपाशी उभी राहते, तिला आम्ही स्क्रब सिस्टर म्हणतो. दुसरी निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून लागेल ते साहित्य उघडून देते आणि नोंदी ठेवते. बाहेरच्या माणसाला स्क्रब सिस्टरचे काम म्हणजे मागितलेले अवजार हातात देणे असे वाटते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेचे सारे टप्पे तिला क्रमाने पाठ असावे लागतात, कारण रक्तवाहिनी आर्टरी फोर्सेपने (चिमट्याने) धरली की पुढे बांधायचा धागा आणि त्यामागोमाग कात्री लागणार, हे तिला आधीच ठाऊक असेल तरच सर्जनची नजर जखमेवरून न हटता काम पुढे सरकते. नीडल होल्डरमध्ये सुई कशी पकडायची, सर्जन डावखुरे असतील तर ती उलट कशी लावायची, कोणाच्या ग्लोव्हजला सुई लागलेली दिसली तर न संकोचता सांगून ते कसे बदलायला लावायचे, यातले काहीही वॉर्डातील अनुभवाने येत नाही.

याहूनही जबाबदारीचे काम मोजणीचे आहे. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, पोट बंद करण्यापूर्वी आणि त्वचेचे टाके घालण्यापूर्वी मॉप (रक्त टिपायची कापडे), सुया व अवजारे दोघींनी मोठ्याने मोजायची असतात. ओटीतील माझ्या पहिल्याच महिन्यात, रात्रीच्या एका तातडीच्या सिझेरियनमध्ये मला एक मॉप कमी भरला. मी त्याच आठवड्यात मेडिकल वॉर्डातून आले होते, मोजणीची रीत मला कोणी शिकवली नव्हती, आणि चूक माझ्याच मोजण्यात असेल या भीतीने मी काही क्षण गप्प राहिले. शेजारच्या ज्येष्ठ सिस्टरनी माझा चेहरा पाहून काय झाले ते विचारले आणि सर्जनना थांबायला सांगितले. रक्तात भिजलेला तो मॉप गर्भाशयाच्या बाजूला आतच राहिला होता. तो तसाच राहता तर जंतुसंसर्ग आणि पुन्हा पोट उघडणे त्या बाळंतिणीच्या वाट्याला आले असते, आणि त्याचे कारण माझे गप्प राहणे ठरले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी जाहीर केली. रुग्णाला ओटीतून बाहेर नेण्यापूर्वी मोजणी पूर्ण झाल्याचे तोंडी सांगण्याची जबाबदारी त्या यादीने परिचारिकेवरच सोपवली आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. हे यश एकट्या मोजणीचे नाही, हे मान्य आहे. पण यादी भिंतीवर लावली म्हणून नवख्या मुलीला सर्जनना 'थांबा' म्हणण्याचे बळ येत नाही. ते शिकवावे लागते.

त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीकृत परिचारिकांसाठी शस्त्रक्रियागृह परिचर्येची एक वर्षाची पदविका आखलेली आहे. खेद याचा वाटतो की, मी पाहिलेल्या रुग्णालयांत ही पदविका करून आलेल्या परिचारिकेलाही पाळीप्रमाणे काही महिन्यांत वॉर्डात पाठवले जाते आणि तिच्या जागी त्या दिवशी हाताशी असेल ती अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) उभी केली जाते. परिचारिकेला सर्व विभागांचा अनुभव असावा, हा युक्तिवाद नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता मलाही पटतो. त्यानंतर मात्र शिकलेला हात ओटीतून काढून घेणे रुग्णाच्या हिताचे नाही. शासनाने या कामासाठी स्वतंत्र पद निर्माण करावे, पदविकेसाठी पगारी रजा द्यावी, आणि ते होईपर्यंत निदान नव्याने आलेल्या परिचारिकेने अनुभवी सिस्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे काढल्याशिवाय तिला एकटीला ट्रॉलीवर उभे करू नये.

आपल्या पुढील पुरवणीत या पदविकेची माहिती अवश्य द्यावी. प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनाही एक सुचवावेसे वाटते: संलग्न रुग्णालयात रोज किती शस्त्रक्रिया होतात, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष स्क्रब होऊ देतात की भिंतीशी उभे करतात, हे त्या महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारूनच पसंतीक्रम भरावा.

एक निवृत्त परिसेविका, सांगली